ईशान्य कोपऱ्यातलं कारंजं

आमच्या घरी शांतता आली ती सोलापूरहून, टेम्पोत बसून. शाळा सुटल्यावर मी घरी पोचले तर टेम्पो फाटकाला पाठ लावून उभा होता आणि माझा नवरा वर चढून ड्रायव्हरला सांगत होता, की हळू धर, त्यात बुद्ध आहे. ड्रायव्हरनं खोकं जपून खाली टेकवलं. मागोमाग पितळी रंगाचं एक मोठं घंगाळ उतरलं, मग एक शंख, जो फुंकला तरी वाजणार नव्हता कारण तो आतून बंदच होता, मग वाऱ्यावर वाजणाऱ्या नळ्यांचा झुबका, प्लास्टिकच्या हिरव्या गवताची वळकटी आणि पोटात दिवा असलेला मिठाचा गुलाबी दगड. तो दगड बघून मला पहिला प्रश्न पडला, की पावसाळ्यात याला पाणी सुटलं तर पुसायचं कुणी. उत्तर मला माहीत होतं.

लिहिताना मी नवऱ्याला अरेतुरे करते. समोर अहोच म्हणते. तेवढी मोकळीक लिहिणाऱ्या बाईला असायला हरकत नाही. त्याची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कालव्याला पाणी कधी सोडायचं, कुणाच्या शिवारात आधी जायचं, हे तो ठरवायचा आणि माणसं त्याच्या पुढंमागं करायची. मागच्या वर्षी हार, शाल, नारळ घेऊन तो निवृत्त झाला आणि हुकूम करायला त्याच्याजवळ उरलं कोण, तर मी, सासूबाई आणि मोबाईल. मी दिवसभर शाळेत. सासूबाई कुणाचं ऐकून घेत नाहीत. राहिला मोबाईल.

मोबाईलमध्ये रोज सकाळी एक बाई यायच्या. पांढरी साडी, मोकळे केस, आवाज इतका हळू की ऐकायला माणसानं श्वास धरावा. घर म्हणजे चार भिंती नव्हेत, घर म्हणजे स्पंदनं, असं त्या सांगायच्या. तुमच्या घरात तुम्हाला झोप येत नाही का, असं त्यांनी एकदा विचारलं आणि तिथंच माझा नवरा त्यांच्या गळाला लागला. निवृत्त झाल्यापासून त्याला खरंच झोप येत नव्हती. आयुष्यभर दुपारच्या वेळी तो कालव्यावर असायचा. आता दुपार समोर आडवी पडलेली असायची आणि हा तिच्याकडं बघत बसायचा. मला त्याची कीव यायची, पण कीव आली म्हणून कुणी बैठकीत कारंजं बसवू देत नाही.

हो, कारंजंच. खोक्यातून जो बुद्ध निघाला तो नुसता चेहरा होता, मानेपासून वरचा, आणि वीज लावली की त्याच्या डोक्यावरून पाणी खाली घंगाळात पडायचं. माझ्या शाळेतल्या एक बाई घरी रोज बुद्धवंदना करतात. त्यांना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, बाकीचं शरीर कुठं ठेवलं. ज्याला घर सोडल्यावर शांती मिळाली त्याला आम्ही घर सजवायला आणलं होतं, आणि तेही आमच्या गल्लीत, जिथं नळाला रोज पाणी येत नाही आणि आलं की मी पदर खोचून पिंपं भरते. त्या पिंपातलं पाणी आता देवाच्या नावानं गोल गोल फिरणार होतं.

एवढं सगळं एकदम आणलं, कारण दुकानात सूट होती. सूट का होती, तर पितरांचा पंधरवडा चालू होता. या दिवसांत आपल्याकडं कुणी नवीन रुमालसुद्धा घेत नाही, मग दुकानदार बिचारा काय करील, त्यानं माल निम्म्यावर आणला. घर मंगल करायचं सामान अमंगल दिवसांत स्वस्त मिळतं, हा शोध माझ्या नवऱ्याला लागला आणि तो खूश होऊन घरी आला. मी म्हटलं, अहो, पितरांच्या दिवसांत देवाचं सामान आणलंत? तो म्हणाला, पितरांना काय, सूट पितरांच्याच कृपेनं मिळाली.

आता सासूबाईंची जागा सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या जागेवरून झालं. आमच्या घरात त्यांना स्वतःची खोली आहे, मागच्या अंगाला, खिडकीची, पलंगाची. ती खोली त्या गोधड्या ठेवायला वापरतात. त्यांची खरी जागा बैठकीत, दारातून आत आलं की उजव्या हाताच्या कोपऱ्यात. वर देवघराची फळी, फळीवर देवांचे चांदीचे टाक, खाली शहाबादी फरशी, फरशीवर घोंगडी आणि घोंगडीवर सासूबाई. ऐंशी ओलांडली तरी त्यांचं जास्तीत जास्त वेळ बसणं, डाळ निवडणं, गप्पा मारणं आणि झोपणं तिथंच. झोप अशी, की बोलता बोलता वाक्य अर्ध्यात सोडून त्या घोरायला लागतात आणि जाग आली की तेच वाक्य पुरं करतात. समोर हायवे आहे, हैदराबादकडं जाणारे ट्रक दिवसरात्र कर्णे वाजवतात. त्यांना त्याचं काही नाही.

पांढऱ्या साडीतल्या बाईंनी सांगितलं होतं, की ईशान्य कोपरा देवाचा. नवऱ्यानं मोबाईलवर होकायंत्र लावलं आणि घरभर ते हातात धरून तो असा फिरला, जसा पूर्वी कालव्याची पातळी बघत फिरायचा. लोखंडी कपाटाजवळ गेला की काटा वेड्यासारखा करायचा, म्हणून मला कपाट सरकवायला लावलं. शेवटी ईशान्य सापडली. ती निघाली नेमकी उजव्या हाताच्या कोपऱ्यात. देव आधीपासून तिथंच होते. होकायंत्र बिंत्र काही न बघता गवंड्यानं जिथं फळी ठोकली होती तिथंच ईशान्य होती. म्हणजे त्या कोपऱ्यात जास्तीचं काय होतं, तर सासूबाई.

त्यानं आईला समजावून सांगितलं. ही जागा देवाची आहे, इथं लोळणं बरं नाही, इथली ऊर्जा मोकळी राहिली पाहिजे. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग म्या इतकी वर्सं देवाला सोडून झोपले व्हय?" त्याच्यापाशी उत्तर नव्हतं, पण गवत होतं. त्यानं कोपऱ्यात हिरवं गवत अंथरलं, त्यावर घंगाळ, घंगाळात बुद्ध, बाजूला मिठाचा दगड, वर दारापाशी नळ्यांचा झुबका, आणि फळीच्या कडेनं निळ्या दिव्यांची माळ. देवांच्या मागं एक डबी चिकटवली, तिच्यातून दिवसभर मंत्र चालू राहायचा. आवाज कमी ठेवला होता. इतका कमी, की शब्द कळायचे नाहीत, नुसतं कुणीतरी शेजारच्या खोलीत कण्हतंय असं वाटायचं.

मग सासूबाईंचा पलंग घरभर फिरला. त्यांच्या खोलीत ठेवावा तर ती नैऋत्य निघाली आणि नैऋत्य घरातल्या कर्त्या पुरुषाची, म्हणून तिथं नवरा स्वतः झोपायला गेला. आमच्या खोलीत ठेवावा तर समोर आरसा, आरशात झोपलेलं माणूस दिसणं वाईट. स्वयंपाकघरात अग्नी. मधल्या जागेत ब्रह्म. मी म्हटलं, मग माणसांसाठी काही दिशा शिल्लक आहे का? तर होती. मागचा जाळी लावलेला व्हरांडा, धुण्याच्या दगडाशेजारचा. तो वायव्येला होता आणि बाईंच्या म्हणण्याप्रमाणं वायव्य ही पाहुण्यांची दिशा. पलंग तिथं गेला. डोकं उत्तरेला नको म्हणून तो तिरका लावला, मग डोकं गेलं मोरीकडं. मला त्या दिवशी फार राग आला होता. मी बोललेही. पण आमच्या घरात मी बोलले की नवरा म्हणतो, तू मास्तरीण आहेस, आणि विषय तिथं संपतो.

घर मात्र शांत झालं. खुर्च्या जड वाटतात म्हणून त्या गच्चीवर गेल्या आणि बैठकीत बसायला काही उरलं नाही. टीव्ही बंद, कारण त्यातून नको त्या लहरी येतात. कॅलेंडर काढलं, कारण भिंत मोकळी दिसली पाहिजे. त्यामुळं चतुर्थी कधी आणि गॅसचा नंबर कधी लावला हे दोन्ही मी विसरले. चपला बाहेर, मोठ्यानं बोलणं बाहेर, कांद्याची फोडणी दार लावून. नळ्यांचा झुबका तेवढा ट्रक गेला की वाजायचा, म्हणजे सारखाच. नवरा कारंज्यासमोर मांडी घालून डोळे मिटायचा आणि थोड्या वेळानं एक डोळा उघडून पाणी कमी झालं का बघायचा.

शेजारी एक चाची राहतात. त्यांच्या मुलाचं बाजारात कापडाचं दुकान आहे. रोज दुपारी हातातलं काम घेऊन त्या सासूबाईंच्या घोंगडीवर येऊन बसायच्या आणि दोघी मिळून सगळ्या गल्लीचा हिशेब चुकता करायच्या. त्या आल्या, गवत बघितलं, कारंजं बघितलं, नवऱ्यानं ओठांवर ठेवलेलं बोट बघितलं आणि उभ्या उभ्याच परत गेल्या. रविवारी मला फाटकाशी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "बेटी, तुमारे घर कू आए तो दवाखाने में आए सरीका लगता. बोलूं क्या नको बोलूं, समजताच नई." व्हरांड्यात या म्हटलं तर त्या म्हणाल्या, तिथं दोघींना बसायला होत नाही, एकीला पलंगावर पाय वर घ्यावे लागतात.

सासूबाई तक्रार करत नव्हत्या. त्या नुसत्या जाग्या असायच्या. सकाळी मी उठले की त्या पलंगावर बसलेल्या दिसायच्या, पदर डोक्यावरून, जाळीबाहेर बघत. वाक्य अर्ध्यात सोडून झोपणारी बाई आता वाक्यं पुरी करायला लागली होती आणि मला ते मुळीच आवडत नव्हतं.

अष्टमी आली. तुळजापूरच्या आईचं माहीत असेलच. नवरात्राच्या आधी तिला पलंगावर निजवतात आणि घटस्थापनेच्या पहाटे उठवतात. महिषासुराशी लढायचं म्हणजे आधी झोप झालेली पाहिजे, असं सरळ कारण आहे त्याला. आमच्या भागात हे कुणाला नवल वाटत नाही. देवी आहे म्हणून तिला थकवा येत नाही असं आमच्याकडं कुणी म्हणत नाही. सासूबाईंच्या माहेरापासून चालत आलेली रीत अशी, की त्या दिवसांत घरातले टाकही आडवे करायचे, मऊ फडक्यावर, छोट्या टोपलीत. घंटा वाजवायची नाही, आरती मोठ्यानं म्हणायची नाही, दिवा तेवढा सांभाळायचा. आणि घरच्या मोठ्या बाईनं पलंग, गादी सोडायची. देवी पलंगावर म्हणून आपण जमिनीवर. देवांच्या जवळ.

अष्टमीच्या संध्याकाळी सासूबाईंनी फळीवरचे टाक टोपलीत निजवले, टोपली परत फळीवर ठेवली, घोंगडी काखेत मारली आणि कोपऱ्याकडं बघत उभ्या राहिल्या. गवतावर बुद्धाच्या डोक्यावरून पाणी पडत होतं. मागची डबी कण्हत होती. त्या मुलाला म्हणाल्या, "देवी झोपलीय. हे बंद कर."

नवरा म्हणाला, की आई, देवी तिकडं तुळजापुरात झोपलीय, इथली स्पंदनं चालू राहिली पाहिजेत, मध्येच खंड पडला तर पहिल्यापासून सुरू करावं लागतं. तरी आईचा मान म्हणून त्यानं डबी बंद केली. कारंजं चालू ठेवलं. सासूबाईंनी गवताच्या कडेला, दाराच्या उंबऱ्यापासून घंगाळापर्यंत जेवढी फरशी उरली होती तेवढ्यात घोंगडी घडी करून टाकली आणि अंग मुडपून पडल्या. पण ऐंशी वर्षांच्या बाईच्या कानाशी पाणी वाहतं ठेवलं तर काय होतं हे पाटबंधारे खात्यात शिकवत नसावेत. त्यांना सारखं उठावं लागायचं. उठायचं म्हणजे फरशीवर हात टेकून, भिंत धरून, नळ्यांना डोकं लावून, मागं मोरीपर्यंत. परत येऊन पडलं की परत तेच. दुसऱ्या दिवशी डबी पुन्हा सुरू झालेली होती. सासूबाईंनी टोपलीवर आणखी एक फडकं टाकलं, लहान मुलाच्या कानावर टाकावं तसं.

त्या शनिवारी कारंज्याची मोटर घरघरायला लागली म्हणून नवरा ती बदलायला सोलापूरला गेला. मी शाळेत. आम्ही दोघं संध्याकाळी जवळजवळ एकदमच घरी पोचलो आणि मागोमाग पाहुणे आले, त्याच्या खात्यातले जुने साहेब आणि त्यांची बायको. त्यांना घर बघायचं होतं. सासूबाई दिसल्या नाहीत, तर आम्हाला वाटलं चाचींकडं असतील.

नवऱ्यानं दिवे लावले. निळी माळ लागली, मिठाचा दगड पेटला, नवी मोटर सुरू झाली. साहेब बूट काढून गवतावर उभे राहिले, डोळे मिटले, हात जोडले. बायकोनंही हात जोडले. "काय प्रसन्न वाटतंय," साहेब म्हणाले, "आत आल्याबरोबर जाणवतं. कुठंतरी देवाचं अस्तित्व आहे इथं." बराच वेळ ते तसेच उभे होते. मग त्यांच्या बायकोनं फोटो काढायला मोबाईल वर धरला, फळीकडं नीट बघितलं आणि विचारलं, देव कुठायत?

फळीवर समई होती, निळे दिवे होते, मागची डबी मंत्र म्हणत होती. टोपली नव्हती.

नवऱ्याचा चेहरा मी त्यानंतर कधी तसा बघितला नाही. पाहुणे चहा न घेता गेले. मी चाचींकडं धावत गेले. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनीच सासूबाईंना बसमध्ये बसवून दिलं होतं, जळकोटला, माझ्या मोठ्या नणंदेकडं. पिशवीत एक लुगडं, घोंगडी आणि टोपली. कंडक्टरनं टोपली वर ठेवू का विचारलं तर सासूबाई म्हणाल्या होत्या, मांडीवर राहू दे, झोपलेत. चाची मला हे सांगताना हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. मला मात्र हसू आलं नाही. घर पवित्र करता करता आमच्या घरातून देव आणि म्हातारी दोन्ही गेले होते, आणि साहेबांना त्याशिवायच अस्तित्व जाणवलं होतं.

रविवारी सकाळी आम्ही गाडीवर जळकोटला गेलो. वाटेत नवरा सांगत होता, की आईला नीट समजावू, व्हरांड्याला पडदा लावू, पलंगाऐवजी चटई टाकू. मी मागं बसून ऐकत होते.

नणंदेचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रे. उडीद नुकताच झोडपून झालेला, बाहेरच्या खोलीत निम्म्यात त्याची पोती. टीव्ही मोठ्यानं चालू, त्यात कुणीतरी कुणाच्या तरी थोबाडीत मारत होतं. आत कुकरची शिट्टी. अंगणात कोंबड्या. दारासमोर ट्रॅक्टर चालू ठेवून नणंदेचा दीर कुणाशी तरी ओरडून बोलत होता. आणि या सगळ्याच्या मधोमध, दोन पोत्यांच्या खाचेत, घोंगडीवर सासूबाई झोपलेल्या. तोंड उघडं, एक पाय पोत्यावर, डोक्याशी टोपली. दिशा कुठली होती देव जाणे.

नवरा त्यांना उठवायला पुढं झाला, तर नणंद आतून पिठाच्या हातानंच बाहेर आली आणि त्याला अडवलं. त्यानं खालच्या आवाजात विचारलं, की कधीपासून झोपलीय. नणंद म्हणाली, आल्यापासून झोपतीच आहे, जेवायला तेवढी उठती. मग त्याच्याकडं बघून तिनं विचारलं, "का रं, तुझ्याकडं झोपत न्हाय व्हय?"

तिनं ते साधंच विचारलं होतं. नवरा पोत्यावर बसला. सासूबाई उठेपर्यंत तो तिथनं हलला नाही. मी आत जाऊन नणंदेला भाकऱ्या करू लागले. तिनं काय झालं म्हणून विचारलं तेव्हा मी कारंज्याचं सांगितलं, आणि आधी ती पोट धरून हसली, मग आईसाठी एक भाकरी तिनं वेगळी काढून ठेवली.

सासूबाई उठल्या, मुलगा बघितला, डोक्यावर पदर घेतला. तू कधी आलास, जेवलास का, हे सगळं रीतीप्रमाणं झालं. मग तो म्हणाला, की आई, घरी चल, उद्या सर्वपित्री, परवा घट बसवायचे, देव इकडं आहेत. त्या म्हणाल्या, येते की. त्याला हायसं वाटलेलं मला दिसलं. पण त्यांचं बोलणं संपलेलं नव्हतं.

"घट बसवून देते. नऊ दिवस माळ घालते. दसऱ्याला सोनं वाटलं की परत हितं येते. तू मला पावण्याच्या खोलीत ठिवलंस ना, मग पावण्यावाणीच येत जाईन."

त्यात राग नव्हता. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नवऱ्याचा हात खिशातल्या मोबाईलकडं गेला, सवयीनं, आणि तिथंच राहिला. पडदा, चटई यांतलं एकही त्याच्या तोंडून निघालं नाही. उद्या न्यायला येतो एवढं म्हणून तो उठला.

घरी आल्यावर त्यानं कारंज्याची वायर काढली, घंगाळ दोन्ही हातांनी उचलून अंगणात नेलं आणि पाणी कडीपत्त्याला ओतलं. गवताची वळकटी केली. डबी भिंतीवरून उपटली तेव्हा तिच्याबरोबर थोडा रंगही निघाला. बुद्धाचा चेहरा त्यानं पुसून कापडात गुंडाळला आणि मला विचारलं, की तुमच्या शाळेतल्या बाई घेतील का. मी म्हटलं, त्यांच्याकडं सबंध आहे.

मग कोपरा मोकळा झाल्यावर तो तिथं फरशीवर आडवा झाला. बहुतेक फरशी कोरडी झाली का बघत असावा, किंवा दमला असेल. मी भाजी निवडत होते. थोड्या वेळानं तो म्हणाला, "इथनं फाटक दिसतं."

मी म्हटलं, दिसतं. उभ्या माणसाला नाही दिसत, दाराची चौकट आड येते. आडवं पडलं की चौकटीखालून तिरकं सगळं दिसतं, फाटक, त्याच्या खालची फट आणि फटीतून येणाऱ्याचे पाय.

मग मी त्याला सांगून टाकलं. इतकी वर्षं तो कालव्यावरून यायचा तेव्हा फाटकाची कडी वाजायच्या आधी मी चहाचं आधण ठेवलेलं असायचं. बूट काढेपर्यंत कप हातात. त्याला त्याचं फार कौतुक होतं. माझ्या बायकोला माझ्या गाडीचा आवाज ओळखू येतो, असं तो चारचौघांत सांगायचा आणि मीही सांगू द्यायची. हायवेला लागून घर, दर मिनिटाला ट्रक, मला कुठल्या गाडीचा आवाज ओळखू येणार होता. त्या कोपऱ्यातून सासूबाई सांगायच्या, आला, चहा टाक.

"पण आता मी घरीच असतो," तो म्हणाला. "आता ती कुणाला बघते?"

ते त्यांनाच विचारा, असं मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री, मी रजा टाकली होती. तो सकाळीच जळकोटला गेला आणि आईला घेऊन आला. रिक्षातून उतरल्या तेव्हा टोपली मांडीवरच होती. आत आल्या, मोकळी फरशी बघितली. टोपली फळीवर ठेवली, कारण देवीला उठायला अजून एक रात्र बाकी होती. पितरांना नैवेद्य दाखवला, कावळ्याला घास ठेवला, जेवणं झाली. मग त्यांनी घोंगडी पसरली आणि कोपऱ्यात आडव्या झाल्या. चाची हातातलं काम घेऊन आल्या, त्यांच्याशी बोलता बोलता वाक्य अर्ध्यात सुटलं.

नवरा थोडा वेळ दारात उभा होता. मग त्यानं चपला घातल्या आणि बाहेर गेला. कुठं निघालात, म्हणून मी खिडकीतून विचारलं, तर हात हलवून म्हणाला, असंच, हायवेपर्यंत. त्याला हायवेवर काहीही काम नव्हतं. ढाब्याच्या पाटीखाली तो उभा असलेला मला गच्चीवरून दिसला, कपडे वाळत घालताना. चार ट्रक गेले असतील, मग तो वळला आणि घराकडं चालायला लागला, पूर्वी कालव्यावरून यायचा तसा, जरा घाईत.

मी खाली आले तोवर सासूबाई जाग्या झाल्या होत्या. कूस वळलेली, तोंड फाटकाकडं. कडी अजून वाजली नव्हती.

"आला गं," त्या म्हणाल्या. "चहा टाक."

मी आधण ठेवलं.